मांद्रे गावचे डॉक्टर भाऊ दाजी

मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत संडे-स्कूलची मुले घेऊन जाणारे शिक्षक आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. हत्ती-माकडे पाहून झाली की बागेच्या दाराशी असलेल्या जुन्या वस्तुसंग्रहालयातही एक फेरी होते. १८७२ साली ते लोकांस खुले झाले तेव्हा त्याला व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांचे नाव होते. १ नोव्हेंबर १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. हे गृहस्थ कोण, असे एखादे मूल विचारतेच. जुन्या काळचे थोर विद्वान होते, असे उत्तर बहुधा मिळते.

उत्तर खरे आहे, पण अर्धे आहे. भाऊ दाजींनी शिलालेख वाचले, अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचा अभ्यास केला, कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिला, जुनी नाणी जमविली. परंतु त्यांचे पोट डॉक्टरीवर चालत होते, आणि उत्तर आयुष्यात त्यांनी सर्वांत जास्त जीव कुष्ठरोग्यांच्या उपचाराला लावला. विद्वान भाऊंविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला येथे लिहायचे आहे ते डॉक्टर भाऊंविषयी, आणि त्यांच्या आयुष्यात वारंवार उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी. दुखणे कोणाच्या वाट्याला किती येते आणि औषध कोणापर्यंत पोहोचते, हे समजण्यासाठी माणसे मोजावी लागतात. मग ती मोजणी कोणापर्यंत जाते आणि कोणाला वगळून पुढे जाते?

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण. वडील विठ्ठल यांना दाजी म्हणत, म्हणून मुलगा झाला भाऊ दाजी. जन्म १८२२ सालचा, गोव्यातील पेडणे महालात मांद्रे गावी. जुन्या पुस्तकांत गावाचे नाव मांजरे असेही आढळते. गोव्याचा नकाशा पाहिला तर पेडणे अगदी उत्तरेच्या टोकाला आहे. वर तेरेखोल नदी, खाली शापोरा नदी, पश्चिमेला समुद्र. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे भाग पोर्तुगीजांच्या हाती सोळाव्या शतकातच गेले होते. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले. पेडणे कायमचे गेले ते १७८८ साली. म्हणून जुन्या तीन महालांना जुन्या काबिजादी व या मागाहून आलेल्या महालांना नव्या काबिजादी म्हणत. नावातला फरक पुढे शाळा, रस्ते आणि दवाखाने यांतही उतरला. पणजीला वैद्यकीय शाळा सुरू झाली ती १८४२ साली, आणि मांद्र्याहून पणजीस जायचे म्हणजे आधी शापोरा व मग मांडवी ओलांडायची. डिचोलीच्या माणसाचीही वाट फार सोपी नव्हती. ताप भरलेल्या माणसाला दोन तरींतून पलीकडे नेण्यापेक्षा गावच्या वैद्याचा काढा जवळचा वाटे यात नवल नाही.

भाऊ लहान असतानाच वडील त्यांना घेऊन मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना सांगितले की याला इंग्रजी शिकवा. वडिलांनी ते ऐकले. एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ शिकले आणि तेथेच शिक्षकही झाले.

याच सुमारास मुंबई सरकारने एका विषयावर बक्षिसाचा निबंध मागविला. विषय भयंकर होता. काठेवाड व कच्छ या प्रांतांतील जाडेजा रजपुतांत मुलगी जन्मताच तिला मारण्याची चाल होती. भाऊंच्या निबंधाला बक्षीस मिळाले व १८४७ साली तो छापला गेला. तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते.

या पापाचा शोध कसा लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाळंतिणीच्या खोलीत काय घडले याला साक्षीदार नसतो. घरातली माणसे तोंड उघडत नाहीत, आणि मूल मेलेलेच जन्मले असे सांगितले की कायद्याचा हात थांबतो. म्हणून काठेवाडातील इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३०च्या दशकात जाडेजांच्या घरांची शिरगणती सुरू केली. घरोघर मुलगे किती, मुली किती, एवढेच लिहायचे. यादी पुरी होताच मुलींचा रकाना इतका रिकामा दिसला की आणखी पुराव्याची गरज उरली नाही. दर वर्षी तीच यादी पुन्हा केली म्हणजे चाल कमी होते आहे की नाही हेही कळू लागले. ज्या मुलींविषयी कोणी एक शब्द बोलत नव्हते, त्यांची साक्ष रिकाम्या रकान्याने दिली. आंबरोली चर्चचे व विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन यांनी पुढे १८५५ साली या सर्व हकिकतीवर मोठे पुस्तक लिहिले. ते आपल्या मंडळीच्या इतिहासाचाही भाग आहे. आणि हा रकाना अजून भरलेला नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे गोव्यात ९४२ मुली होत्या, आणि आपल्या महाराष्ट्रात ८९४. दहा वर्षांपूर्वी महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता, म्हणजे तो खाली आला.

पवित्र शास्त्रात मोजणीचे अनेक प्रकार आहेत. गणना या पुस्तकात वीस वर्षांवरचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष तेवढे मोजले आहेत. दावीद राजाने केलेली मोजणी देवाला आवडली नाही. पाच हजारांना भोजन मिळाले त्या प्रसंगी मत्तय स्पष्ट सांगतो की बायका व मुले त्या आकड्यात धरलेली नाहीत. भाकर मात्र त्यांनाही मिळाली. आणि शंभर मेंढरांचा धनी आहे. त्याला एक मेंढरू हरवल्याचे कळले, कारण त्याने संध्याकाळी कळप मोजला. नव्याण्णव पाहून कळप भरलेला दिसतो असे म्हणून तो निजला असता तर पुढची गोष्ट घडलीच नसती. संडे-स्कूलमध्ये आपण मेंढपाळाच्या प्रेमावर पुष्कळ बोलतो, त्याच्या मोजणीवर फारसे बोलत नाही.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले. ज्यांच्या नावाने ते आहे ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट म्हणजे इंग्रजी मंडळ्यांत आजही गायिल्या जाणाऱ्या ओ वरशिप द किंग या स्तोत्राचे कवी. आपल्या लोकांना हे सहसा ठाऊक नसते. कॉलेजच्या शेजारीच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानातून इस्पितळ उभे राहिले. शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ येथे विद्यार्थी झाले आणि पहिल्या तुकडीबरोबर पदवी घेऊन बाहेर पडले. याच तुकडीत पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग होते, तसेच शापोरा नदीच्या दुसऱ्या तीरावरच्या, बारदेशातील आसगाव येथील जुझे कामिलु लिझबोआ हेही होते. नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोघे गोवेकर एकाच बाकावर बसले, पण त्यासाठी दोघांनाही मुंबई गाठावी लागली.

१८५१ पासून भाऊंनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पैसेवाले रोगी खूप येत, आणि गरिबांसाठी त्यांनी आपले बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या मदतीने धर्मार्थ दवाखाना चालविला. हात गुणाचा अशी कीर्ती झाली. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तिच्यात ते पुढाकाराने होते. हिंदी लोकांची गाऱ्हाणी इंग्लंडच्या पार्लमेंटापुढे नेणाऱ्या पहिल्या संस्थांपैकी ही एक. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीचे ते पहिले हिंदी अध्यक्ष. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जे केले त्याच्या स्मरणार्थ एका कन्याशाळेला त्यांचे नाव दिले गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये ते होते, आणि १८६९ व १८७१ अशी दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. ही यादी आणखी वाढविता येईल, पण चरित्रकारांनी ती भरपूर वाढविली आहे.

१८६२ सालचा एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. करसनदास मुळजी या गुजराती संपादकाने वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लिहिले, म्हणून जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. शहरातील शेटसावकार महाराजांच्या बाजूने होते. भाऊ दाजींनी महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार केले होते. कोर्टात त्यांना साक्षीला बोलाविले तेव्हा त्यांनी ते सांगितले. रोग्याची गोष्ट डॉक्टराने चारचौघांत सांगावी का, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता आणि आजही येतो. मला वाटते की भाऊंपुढे दुसरी बाजूही होती. ज्या भाविक बायका या महाराजांच्या पायाशी जात, त्यांच्या अंगी लागलेले दुखणे कोणत्याच वहीत लिहिले जात नव्हते. लाजेने बाई बोलत नाही, घरचे बोलू देत नाहीत, आणि गुरूच्या पायांवर डाग नसतो असे सर्वांनी धरून चाललेले असते. करसनदास निर्दोष ठरले.

मुंबई शहर तेव्हा झपाट्याने वाढत होते. १८६४ साली डॉ. अँड्र्यू लीथ यांच्या देखरेखीखाली शहराची खानेसुमारी झाली, तेव्हा ८,१६,५६२ माणसे भरली. मृत्यूंची नोंद वस्तीवार व जातवार ठेवली जाई, आणि गटारे नसलेल्या दाट वस्त्यांत पटकीने किती माणसे जातात हे कागदावर दिसू लागले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचा सट्टा माजला आणि १८६५ साली तो कोसळला. शहरातील बड्याबड्यांबरोबर भाऊंचीही मोठी हानी झाली. विद्वत्ता व परोपकार यांनी माणूस सट्ट्यापासून वाचतोच असे नाही.

याच वर्षांत त्यांचे लक्ष कुष्ठरोगाकडे वळले होते. कोकणात हा रोग फार. महारोग, रक्तपिती अशा नावांनी लोक त्याला ओळखत आणि रोग्याला घराबाहेर काढीत. जो रोगी मुंबईस आला तो भीक मागत धर्मशाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या पायरीशी पडून राही. डॉक्टरांजवळ उपाय नव्हता. भाऊ संस्कृत जाणत होते. सुश्रुताच्या ग्रंथात पश्चिम समुद्राकाठी वाढणाऱ्या तुवरक नावाच्या झाडाच्या तेलाने कुष्ठ बरे होते असे वर्णन आहे. ज्याला आपण कडू कवठ किंवा कौटी म्हणतो ते हेच झाड असे मानतात. सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी, कोकणात आणि गोव्यात ते आपोआप वाढते. त्याचे फळ खाण्याच्या उपयोगाचे नाही. लोक ते ठेचून पाण्यात टाकीत व मासे गुंगवीत. बियांचे तेल खरजेला लावीत. हेच तेल भाऊंनी कुष्ठरोग्यांना पोटात द्यायला व अंगाला चोळायला सुरुवात केली. मांद्र्याच्या मुलाला हे झाड लहानपणापासून परिचयाचे असेल, असे आपले माझ्या मनात येते.

रोग्यांना गुण दिसू लागला. चट्टे फिके पडत, बधिर जागी स्पर्श कळू लागे, जखमा भरून येत. बातमी पसरली आणि लांबून लांबून रोगी येऊ लागले. ज्यांच्या सावलीला लोक भीत, त्यांना शहराचा हा मोठा डॉक्टर जवळ बसवून तपासतो, हीच त्या काळी केवढी गोष्ट! आपल्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावला हे आपण वाचतो; भाऊ दाजी ख्रिस्ती नव्हते, पण हात लावण्याचे धैर्य त्यांच्यात होते.

तथापि येथे त्यांच्या चरित्रातला अवघड भाग सुरू होतो. औषध काय आहे हे भाऊंनी जाहीर केले नाही. प्रयोग पुरे होऊ द्या, मग सांगेन, अशी त्यांची भूमिका होती. मुंबईच्या डॉक्टरांनी, त्यांच्याच कॉलेजातून निघालेल्या मंडळींनीसुद्धा, यावर टीका केली. गुप्त औषध देणे हे वैदूचे काम, शिकलेल्या डॉक्टराचे नव्हे, असा तिचा रोख होता. टीकेत मत्सराचा अंश असेल. भाऊंच्या बाजूने असेही म्हणता येईल की अर्धवट माहितीवर कोणीही तेल विकू लागला असता आणि गरीब रोगी नागवला गेला असता. तरीही मला टीकाकारांचे म्हणणे पटते. औषधाने गुण येतो असे म्हणायचे तर किती रोगी आले, कोणत्या अवस्थेत आले, किती महिने टिकले, किती अर्ध्यावर निघून गेले, बरे झालेल्यांपैकी किती पुन्हा आजारी पडले, हे सारे लिहावे लागते आणि दुसऱ्याला ते ताडून पाहता यावे लागते. हे तेल पोटात घेणे सोपे नाही, मळमळ व ओकाऱ्या होतात. ज्यांना ते सोसवले नाही ते परत आले नसतील, आणि जे परत आले नाहीत ते आकड्यात दिसत नाहीत. दाराशी बसलेल्या बऱ्या झालेल्या रोग्याकडे पाहून मन भरून येते. न आलेल्याचे तोंड कोणाला दिसते? जाडेजांच्या न दिसणाऱ्या मुलींवर निबंध लिहिणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणे गैर नाही.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यात दुसरे एक डॉक्टर याच रोगाच्या मागे होते, पण उलट्या वाटेने. त्यांचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या ग्रे यांच्या शरीरशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे यांचीच. १८५८ साली ते मुंबईस आले, ग्रँट कॉलेजात शिकविले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कार्टर यांच्याजवळ गुणाचे औषध नव्हते. त्यांनी याद्या हाती घेतल्या. १८६७ सालच्या सरकारी नोंदींवरून मुंबई इलाख्यात कुष्ठरोग कोठे किती आहे, कोणाच्या घरात आहे, कोणत्या प्रकारचा आहे, यावर त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने हा रोग संसर्गाने पसरत नाही असे मत दिले होते. कार्टर पुढे नॉर्वेला गेले. त्या लहानशा देशाने १८५६ पासून प्रत्येक कुष्ठरोग्याचे नाव, गाव व कुटुंब एका राष्ट्रीय नोंदवहीत लिहिण्यास आरंभ केला होता. रोगी कोठे राहतो, कधी दगावला, त्याच्यानंतर घरात कोणाला रोग झाला, हे सारे त्या वहीत मिळे. तेथेच डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचे जंतू पाहिले. कार्टर परतले ते रोग संसर्गजन्य आहे अशी खात्री बाळगून.

आता आपल्या पेडण्याकडे पुन्हा पाहू. कार्टर यांच्यापुढच्या नोंदी मुंबई इलाख्याच्या होत्या. रत्नागिरी जिल्हा तेव्हा मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता, तो त्यांत आला. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला तेरेखोल ओलांडली की पोर्तुगीजांचा मुलूख. लोक एकाच बोलीचे, सोयरिकी नदीपार झालेल्या, पोटाला मुंबईस जाणारे दोन्हीकडचेच. रोग काही हद्दीपाशी थांबत नव्हता. यादी थांबत होती. ज्या गावाने मुंबईला कुष्ठरोगाचा नामांकित डॉक्टर दिला त्या गावात कुष्ठरोगी किती, हे मुंबई इलाख्याच्या वहीत लिहिले गेले नाही. मुंबईच्या इस्पितळात त्या बाजूचा कोणी रोगी येऊन पडला तरच तो मोजला जाणार. जो चालू शकत नव्हता, किंवा जी बाई घरच्या गोठ्यात ठेवलेली होती, ती कोणत्या आकड्यात येणार?

भाऊंजवळ हाताचा गुण व झाडाचे ज्ञान होते, आणि कार्टर यांच्याजवळ वही होती. एकाच शहरात, एकाच कॉलेजच्या परिसरात वावरलेल्या या दोघांचे काम एकत्र झाले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. पण १८७४च्या मे महिन्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी भाऊ दाजी वारले. औषधाचा पूर्ण तपशील व रोग्यांचा हिशेब त्यांच्या हयातीत छापून आला नाही. ते कडू कवठीचे तेल होते हे पुढे सर्वांना कळले.

त्याच १८७४ साली आयर्लंडमध्ये डब्लिन येथे वेलस्ली बेली यांनी कुष्ठरोग्यांसाठी मिशन स्थापन केले. बेली यांनी काही वर्षांपूर्वी पंजाबात अंबाला येथे हे रोगी पाहिले होते. त्या मिशनचे काम महाराष्ट्रात कसे वाढले हे पोलादपूर, मिरज येथील मंडळ्यांना सांगायला नको. गंमत अशी की विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या काळात या मिशन इस्पितळांतून जे औषध सुईने टोचले जाई ते याच जातीच्या झाडांच्या तेलापासून केलेले असे. भाऊ दाजींचे तेल परदेशी बाटलीतून परत आले. ते पुरेसे नव्हतेच. १९४०च्या दशकात डॅप्सोन आले आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली, तेव्हा कोठे हा रोग खात्रीने बरा होऊ लागला.

पेडण्याच्या रोग्याचे या साऱ्या काळात काय झाले? गोव्यात कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ काढण्याचे श्रेय डॉ. फ्रुयलानु द मेलु यांचे. पण ते झाले साष्टीत, माकाझान येथे. मांद्र्याहून तेथे जायचे तर शापोरा, मांडवी व झुआरी या तिन्ही नद्या, आणि मांडवीवर पूल झाला १९७० साली, झुआरीवर १९८३ साली. उत्तरेला तेरेखोलपलीकडे वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट लूक्स इस्पितळ होते, पण मध्ये १९६१ पर्यंत परदेशाची हद्द होती.

आज गोव्याचे आकडे देशात उत्तमांपैकी आहेत. २०२० साली जन्मलेल्या दर हजार बालकांमागे वर्षाच्या आत दगावणारी भारतात २८ होती आणि गोव्यात ५. ही गोष्ट आनंदाची आहे. पण ही सबंध राज्याची सरासरी आहे, आणि सरासरी म्हणजे नव्याण्णव मेंढरांकडे पाहून केलेला हिशेब. समुद्रकाठच्या मांद्र्याचे बाळ, मोपा येथे विमानतळ बांधायला आलेल्या मजुराचे बाळ, डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या गावचे बाळ आणि पणजीचे बाळ ही सर्व त्या पाचाच्या आकड्यात मिसळून गेली आहेत. भेद आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. भेद पाहायचा तर तालुका, शिक्षण, मिळकत, स्त्री-पुरुष आणि स्थानिक-परप्रांतीय असे रकाने वेगळे करावे लागतात, आणि ते एकदा करून भागत नाही. काठेवाडच्या यादीप्रमाणे पुन्हा पुन्हा करावे लागतात.

कुष्ठरोगाचेही असेच झाले. दहा हजारांत एकाहून कमी रोगी, ही मर्यादा सबंध देशाच्या हिशेबाने डिसेंबर २००५ मध्ये गाठली गेली व रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. घरोघर जाऊन शोधण्याचे काम त्यानंतर मंदावले. वर्षांनंतर पुन्हा घरोघर शोध सुरू झाला तेव्हा दडलेले हजारो रोगी सापडले. आजही देशात दर वर्षी सुमारे एक लाख नवे रोगी निघतात, आणि जगातील नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे असतात. म्हणून जाणती माणसे आता रोग्यांच्या एकूण संख्येपेक्षा दुसरा आकडा आधी विचारतात : नवा रोगी पहिल्यांदा तपासला गेला तेव्हा त्याची बोटे वाकडी झालेली होती का, डोळा मिटत नव्हता का, तळपायाला जखम होती का? तसे असेल तर तो उशिरा पोहोचला. असे उशिरा पोहोचलेले कोणत्या गावचे, कोणत्या कामाचे, पुरुष किती, बायका किती, हे लिहिले की वाट कोठे अडली आहे ते समजते. मुलांतील नवे रोगी वेगळे मोजतात, कारण मुलाला रोग झाला म्हणजे घरात किंवा शेजारी न सापडलेला रोगी आहे. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याजक सात दिवसांनी पुन्हा तपासतो व पुन्हा लिहून ठेवल्यासारखे ठरवितो; संडे-स्कूलमध्ये कंटाळवाणा वाटणारा हा अध्याय या दृष्टीने वाचून पाहावा.

देशातील घरोघरचे मोठे आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झाले. त्याच्या छापील अहवालात गोव्याचे दोन जिल्हे आहेत, उत्तर आणि दक्षिण. पेडणे व डिचोली हे दोन्ही तालुके उत्तर जिल्ह्यात धरलेले आहेत, पणजीसह.